कॉस्ट अकाउंटिंग ऑनलाइन शिकताना: एक कारखाना, एक वही आणि भरपूर खाडाखोड

कॉस्ट अकाउंटिंगच्या, म्हणजे माल बनवायला किती खर्च येतो त्याच्या हिशेबाच्या, ऑनलाइन कोर्सला नाव घातलेल्या बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. व्हिडिओ बघताना सगळं कळत असतं, मान डोलत असते, आणि गृहपाठाचं पहिलं गणित उघडलं की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. दोष आकडेमोडीचा नसतो. या विषयात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि क्वचित एखादं वर्गमूळ यापलीकडे फारसं काही नाही. अवघड असतं ते त्याआधीचं काम: समोर मांडलेल्या वीस-पंचवीस आकड्यांपैकी कुठला कुठल्या खणात जातो आणि कुठला सरळ सोडून द्यायचा, हे ठरवणं. व्हिडिओत नेमकं हेच काम शिकवणाऱ्याने आधी उरकलेलं असतं. तुम्ही बघता ती उरलेली बेरीज.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे. खण ठरवायचं काम स्वतःच्या हाताने करायचं, आणि ते कोर्सच्या पहिल्या आठवड्यापासून.

नाव घालण्याआधी

फायनान्शियल अकाउंटिंगचा पाया लागतोच. नावे-जमा, घसारा, सुरुवातीचा आणि अखेरचा साठा, विकलेल्या मालाची किंमत कशी काढतात, एवढं न अडखळता यायला हवं. ते कच्चं असेल तर दोन-तीन आठवडे त्यावरच घालवा; पुढे त्याची भरपाई करायला वेळ मिळत नाही. गणितातलं सरळ रेषेचं समीकरण आठवत असेल तर उत्तम, कारण अर्धा विषय त्याच एका समीकरणावर उभा आहे.

मग अभ्यासक्रमपत्रिका नीट वाचा, जाहिरातीचं पान नव्हे. त्यात चार गोष्टी शोधायच्या: गृहपाठ आणि परीक्षा यांना किती-किती गुण आहेत, परीक्षा कॅमेऱ्यासमोर आहे का, कुठला कॅल्क्युलेटर चालतो, आणि कोर्सचा कल कुठे आहे. शेवटची गोष्ट महत्त्वाची. काही कोर्स कॉस्ट शीट (मालाचा खर्च टप्प्याटप्प्याने मांडणारा तक्ता), साठ्याची नोंदवही, मजुरीच्या बोनस योजना यांवर भर देतात. काही अमेरिकी धाटणीचे कोर्स हे भराभर उरकून निर्णय घेण्याच्या गणितांकडे वळतात. तिथे शब्दही थोडे वेगळे भेटतात: एकीकडे ओव्हरहेड (भाडं, वीज असा सगळ्या मालाचा सामायिक खर्च) ‘अब्सॉर्ब’ होतं, दुसरीकडे ‘अप्लाय’ होतं, एकीकडे अपेक्षेहून वाढलेल्या खर्चाची तफावत ‘अ‍ॅडव्हर्स’, दुसरीकडे ‘अनफेव्हरेबल’. अर्थ तोच. साठ्याच्या मूल्यांकनात मात्र खरा फरक आहे. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ नुसार लिफो पद्धत (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणारी) चालत नाही, अमेरिकेत ती चालते. तुमच्या कोर्समध्ये लिफोची गणितं का आहेत किंवा का नाहीत, याचं उत्तर बहुधा इथे मिळेल.

वहीत एक कारखाना उभा करा

पाठ्यपुस्तकात दर प्रकरणाला नवी कंपनी, नवा माल, नवे आकडे असतात. त्यामुळे प्रकरणं एकमेकांपासून तुटतात. माझा आग्रह असा, की पहिल्याच दिवशी वहीत स्वतःचा एक काल्पनिक कारखाना उभा करा आणि कोर्स संपेपर्यंत तोच चालवा. नवं प्रकरण आलं की पुस्तकातली उदाहरणं सोडवायचीच, पण नंतर तीच पद्धत आपल्या कारखान्याला लावून बघायची.

नमुन्यादाखल मी लाकडी स्टूल बनवणारा कारखाना घेतो. महिन्याला १,००० स्टूल. एका स्टुलाला ४ फळ्या लागतात, फळी ४५ रुपयांना, म्हणजे लाकूड १८० रुपये. थेट मजुरी ७०. माल वाढला की वाढणारा कारखान्याचा इतर खर्च ३०. याशिवाय भाडं, सुपरवायझरचा पगार, यंत्रांचा घसारा वगैरे स्थिर खर्च महिन्याला १,२०,०००, म्हणजे १,००० स्टुलांमागे प्रत्येकी १२०. कारखान्याच्या दाराशी स्टूल ४०० रुपयांना पडतं. विक्रीची किंमत ५००. विकताना स्टुलामागे २० रुपये कमिशन, आणि ऑफिसचा ठरलेला खर्च महिन्याला ५०,०००.

एवढे आकडे पुरतात. खाली बहुतेक सगळं यांच्यावरच करून दाखवतो. तुम्ही मात्र तुमचा माल आणि तुमचे आकडे घ्या. दुसऱ्याचे आकडे पाठ होतात, आपले समजून घ्यावे लागतात.

खर्च कसा वागतो, हे आधी

साहित्य, मजुरी, ओव्हरहेड ही विभागणी सगळ्यांना लगेच पटते. स्थिर आणि बदलता ही दुसरी विभागणी वरवर तितकीच सोपी दिसते, पण पुढचा सगळा कोर्स तिच्यावर चालतो. १७७२ साली उधारीच्या संकटात मागणी आटली, तेव्हा इंग्लंडमधला मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड स्वतः खर्चाचे हिशेब मांडायला बसला. भाडं, कारकुनांचे पगार यांसारखे खर्च माल कमी निघो वा जास्त, जवळपास तेवढेच राहतात, हे त्याला त्यात दिसलं. जास्त माल काढला तर नगामागे हे ओझं हलकं होतं, हेही. (त्याच हिशेबांत ऑफिसमधली अफरातफर उघडकीला आली, हा वरचा फायदा.) आजच्या पाठ्यपुस्तकातलं तिसरं प्रकरण म्हणजे साधारण हेच.

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो ‘नगामागे’ या शब्दापाशी. बदलता खर्च एकूणात बदलतो, नगामागे तोच राहतो. स्थिर खर्च एकूणात तोच राहतो, नगामागे बदलतो. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. माझ्या कारखान्यातलं ‘१२० रुपये स्थिर खर्च’ हे फक्त १,००० स्टुलांपुरतं खरं आहे. १,२०० केले तर तो १०० होतो. हा आकडा बदलत्या खर्चासारखा वापरला की पुढची सगळी उत्तरं चुकतात, आणि ती इतकी सुबक चुकतात की शंकाही येत नाही.

विजेच्या बिलासारखे काही खर्च मिश्र असतात. ते फोडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे हाय-लो. समजा ८०० स्टुलांच्या महिन्यात बिल ४४,००० आणि १,२०० स्टुलांच्या महिन्यात ५२,००० आलं. ४०० स्टुलांमागे ८,००० वाढले, म्हणजे स्टुलामागे २०. मग ८०० स्टुलांचे १६,००० वजा केले की स्थिर भाग २८,००० उरतो. परीक्षकाची आवडती खोच अशी, की सर्वांत मोठं बिल सर्वांत जास्त उत्पादनाच्या महिन्यात नसतं. महिने निवडायचे ते उत्पादनावरून, बिलावरून नाही.

साहित्य आणि मजुरी

हा भाग तुलनेने सरळ आहे, इथे फार रेंगाळू नका. साठ्याची नोंदवही फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरून) आणि भारित सरासरी (सगळ्या साठ्याची मिळून सरासरी किंमत धरून) अशा दोन्ही रीतींनी एकेकदा हाताने भरली की पुरे.

किफायतशीर ऑर्डरचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवावा याचं, सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलं: वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. मला वर्षाला ४८,००० फळ्या लागतात. एका ऑर्डरला १,५०० खर्च येतो आणि एक फळी वर्षभर सांभाळायला ४ रुपये, तर उत्तर ६,००० फळ्या. वर्षाला ८ ऑर्डरी, त्यांचा खर्च १२,०००. सरासरी ३,००० फळ्या सांभाळायच्या, त्यांचाही १२,०००. दोन्ही बाजू सारख्या आल्या की गणित बरोबर, हा ताळा फुकट मिळतो. आता ६,००० ऐवजी ५,००० च्या ऑर्डरी दिल्या तर? एकूण खर्च २४,४०० होतो, फक्त ४०० जास्त. सूत्राचं उत्तर तंतोतंत पाळलं नाही तरी फारसं बिघडत नाही, हे पुस्तकं क्वचितच सांगतात.

मजुरीत हॅल्से आणि रोवन या बोनस योजना अभ्यासक्रमात असतील तर दोन्ही एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडा. १० तासांचं काम, दर तासाला ६० रुपये. कामगाराने ते ८ तासांत केलं तर हॅल्सेत, वाचलेल्या वेळेचा निम्मा बोनस धरून, ५४० मिळतात. रोवनमध्ये, ठरलेल्या वेळेचा जेवढा हिस्सा वाचला तेवढाच मजुरीचा हिस्सा बोनस धरून, ५७६. ५ तासांत केलं तर दोन्हींत ४५०. ४ तासांत केलं तर हॅल्सेत ४२० आणि रोवनमध्ये ३८४. निम्मा वेळ वाचेपर्यंत रोवन उदार असते, त्यापुढे हात आखडते. हा तक्ता एकदा स्वतः केला की सूत्रं घोकावी लागत नाहीत.

ओव्हरहेड: इथे वेळ द्या

बहुतेकांचा कोर्स ओव्हरहेडपाशी रखडतो, आणि ते साहजिक आहे. एक फळी कुठल्या स्टुलात गेली ते दाखवता येतं. छताचं भाडं कुठल्या स्टुलात गेलं ते कोणीच दाखवू शकत नाही. म्हणजे इथलं प्रत्येक उत्तर वाजवी अंदाजाने केलेली वाटणी असते. हे मनात पक्कं असलं की ‘खरं उत्तर’ शोधण्याची धडपड थांबते आणि ‘वाजवी आधार’ शोधण्याचं काम सुरू होतं.

काम तीन टप्प्यांत होतं. आधी प्रत्येक खर्च विभागांत वाटायचा. माझ्याकडे कटाई आणि जोडणी हे दोन उत्पादन विभाग, दुरुस्ती आणि स्टोअर हे दोन सेवा विभाग. ४०,००० भाडं जागेच्या प्रमाणात जातं: ५००, ३००, १०० आणि १०० चौरस फूट असतील तर २०,०००, १२,०००, ४,००० आणि ४,०००. विम्याचा आधार यंत्रांची किंमत, कॅन्टीनचा आधार माणसांची संख्या. आधार पाठ करू नका. प्रत्येक वेळी विचारा, ‘हा खर्च कशामुळे वाढतो?’ उत्तर आपोआप येतं.

मग सेवा विभागांचा खर्च उत्पादन विभागांवर ढकलायचा. दुरुस्तीवाले स्टोअरचं सामान वापरतात आणि स्टोअरची यंत्रं दुरुस्तीवाले बघतात, त्यामुळे इथे गुंता होतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर थेट पद्धत, एका दिशेने हिशेबात घेतला तर पायरी पद्धत, दोन्ही दिशांनी घेतला तर परस्पर पद्धत. शेवटच्या पद्धतीत दोन समीकरणं एकदम सोडवावी लागतात. प्रश्नात कुठली पद्धत मागितली आहे ते वाचूनच पेन उचला.

तिसऱ्या टप्प्यात विभागाचा खर्च स्टुलांवर चढवायचा. कटाईत यंत्रं राबतात म्हणून यंत्रतास, जोडणीत हात राबतात म्हणून मजुरीतास. आणि हा दर वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रकावरून काढतात, कारण गिऱ्हाइकाला भाव आज सांगायचा असतो आणि विजेचं बिल पुढच्या महिन्यात येतं. कटाईचा अंदाजित खर्च ७२,००० आणि अंदाजित यंत्रतास ६००, तर दर १२०. प्रत्यक्षात यंत्रं ५८० तास चालली आणि खर्च ७१,००० झाला. चढवलेला खर्च ५८० गुणिले १२०, म्हणजे ६९,६००. १,४०० रुपये कमी चढवले गेले. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे अंदाजित दर अंदाजित तासांनी गुणणं. मग उत्तर नेहमी ७२,००० येतं आणि सगळं गणितच निरर्थक होतं. दर अंदाजातला, तास प्रत्यक्षातले.

अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग याच्या पुढचं पाऊल. १९८० च्या दशकात रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी ते पुढे आणलं. ओव्हरहेडचा मोठा भाग आता यंत्रतासांमुळे नव्हे, तर यंत्र पुन्हा पुन्हा जुळवणं, तपासणी, ऑर्डर हाताळणं अशा कामांमुळे होतो, हा त्यामागचा विचार. जुन्या रीतीत मोठ्या संख्येने निघणाऱ्या साध्या मालावर जास्त ओझं पडतं आणि थोडाथोडका निघणारा किचकट माल स्वस्त दिसतो. आपल्या कारखान्यात महिन्याला २० नगांचं एखादं नक्षीदार स्टूल सुरू करा आणि दोन्ही रीतींनी त्याची किंमत काढून बघा. या प्रकरणाचा याहून चांगला गृहपाठ नाही.

कॉस्ट शीट

याची खरी मेख साठ्यांच्या जागेत आहे. कच्च्या मालाचा साठा थेट साहित्यातच मिळवायचा-वजा करायचा. अर्धवट मालाचा साठा कारखान्याचा ओव्हरहेड मिळवल्यावर. तयार मालाचा साठा उत्पादन खर्च निघाल्यानंतर, विक्री खर्चाच्या आधी. बाकी मांडणी सरावाने बसते. आयकर, लाभांश, कर्जावरचं व्याज, मालमत्ता विकून झालेला तोटा हे आकडे प्रश्नात मुद्दाम पेरलेले असतात. ते कॉस्ट शीटमध्ये येत नाहीत. प्रश्न वाचतानाच त्यांच्यावर काट मारा. साहित्याची भंगारविक्री असेल तर ती खर्चातून वजा करायला विसरू नका.

प्रोसेस कॉस्टिंगचा एक सोपा रस्ता

एकसारखा माल सतत निघतो तिथे अर्धवट माल किती पूर्ण नगांइतका धरायचा, ही समतुल्य नगांची कल्पना ऐकायला विचित्र वाटते. ८०० स्टूल पूर्ण झाले, २०० अर्धवट आहेत. त्यांना लाकूड पूर्ण लागलंय, पण मजुरी आणि ओव्हरहेडचं काम ४० टक्केच झालंय. साहित्याचे समतुल्य नग १,०००, रूपांतराचे (मजुरी आणि ओव्हरहेडचे) ८८०. इथपर्यंत भारित सरासरी पद्धत.

फिफो आलं की लोक लांबलचक तक्ते मांडत बसतात. गरज नाही. भारित सरासरीच्या उत्तरातून गेल्या महिन्यात झालेलं काम वजा करा. सुरुवातीला १०० स्टूल अर्धवट होते, त्यांचं साहित्य पूर्ण आणि रूपांतर ६० टक्के झालेलं होतं. मग साहित्य १,००० वजा १०० म्हणजे ९००, रूपांतर ८८० वजा ६० म्हणजे ८२०. गुण मिळवायला पूर्ण तक्ता लिहावाच लागेल, पण ताळा पाहायला हा रस्ता बरा.

नफा बदलतो कसा

ब्रेक-इव्हनचं सूत्र सोपं आहे. माझ्या स्टुलाची किंमत ५००, बदलता खर्च कमिशनसकट ३००, म्हणजे एक स्टूल विकलं की स्थिर खर्च भागवायला २०० मिळतात. स्थिर खर्च कारखान्याचा आणि ऑफिसचा मिळून १,७०,०००. भागाकार ८५०. एवढे स्टूल विकले की ना नफा ना तोटा. १,००० विकतोय, म्हणजे १५० स्टुलांची सुरक्षितता आणि ३०,००० नफा. स्प्रेडशीटमध्ये हे मांडताना गृहीत आकडे वेगळ्या रकान्यात ठेवा, सूत्रांत थेट आकडे लिहू नका. मग १,००० च्या जागी १,२०० टाकला की सगळं पान आपोआप बदलतं. एक्सेलमधलं गोल सीक (हवं ते उत्तर कुठल्या आकड्याला येतं ते शोधणारं साधन) वापरून ब्रेक-इव्हन शोधून बघा, सूत्राशी जुळायला हवं.

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न. या महिन्यात १,२०० स्टूल बनवले, विकले मात्र १,०००च. नफा किती?

मार्जिनल कॉस्टिंगने, म्हणजे स्टुलाच्या किमतीत फक्त बदलता खर्च धरला तर, ३०,०००च. विक्री बदलली नाही, स्थिर खर्च बदलला नाही, तर नफा का बदलेल?

अब्सॉर्प्शन कॉस्टिंगने स्थिर खर्च १,२०० स्टुलांवर पसरतो, प्रत्येकी १००. स्टूल ३८० ला पडलं. १,००० स्टुलांवर १,२०,००० सुटले, त्यातून कमिशनचे २०,००० आणि ऑफिसचे ५०,००० गेले. उरले ५०,०००. एकही स्टूल जादा विकलं गेलं नाही आणि नफा २०,००० ने वाढला. हे २०,००० आले कुठून? न विकलेल्या २०० स्टुलांमध्ये प्रत्येकी १०० रुपये स्थिर खर्च साठ्याच्या किमतीत जाऊन बसला आणि नफा-तोट्यातून पुढच्या महिन्यात ढकलला गेला. बोनस नफ्यावर असेल तर मॅनेजर गोदाम का भरत असेल, हे इथे कळतं. हे गणित स्वतःच्या आकड्यांवर दोनदा करा. एकदा साठा वाढवून, एकदा घटवून. मग ‘कुठल्या पद्धतीत नफा जास्त’ हा नियम कधीच पाठ करावा लागणार नाही.

निर्णयांची गणितंही इथेच बसतात. कोणी ३५० रुपये दराने १०० स्टुलांची एकदाच ऑर्डर देतोय. पूर्ण खर्च ४००. नाकारायची? यंत्रं रिकामी असतील, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या भावावर परिणाम होणार नसेल आणि कमिशन धरूनही बदलता खर्च ३०० असेल, तर स्टुलामागे ५० सुटतात. एकूण ५,००० चा फायदा. यंत्रं आधीच पूर्ण क्षमतेने चालत असतील तर उत्तर उलटं. जे. एम. क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलं होतं, की वेगवेगळ्या कामांसाठी खर्चाचे वेगवेगळे आकडे लागतात. ४०० हा आकडा साठ्याचं मूल्य काढायला योग्य, या ऑर्डरच्या निर्णयाला अयोग्य. असा प्रश्न आला की आधी समासात लिहा: ‘काय बदलणार आहे?’ जे बदलणार नाही ते आकडे खोडून टाका. झालेला खर्च तर नक्कीच.

तफावत: आकडा आणि त्यामागचं माणूस

स्टँडर्ड कॉस्टिंगची (आधी ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष खर्च ताडून बघण्याची) सूत्रं भरपूर आहेत आणि ती घोकणारे परीक्षेत गडबडतात. मुळात रचना एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला. किंमत बदलायची तर नग प्रत्यक्षातले ठेवा; नग बदलायचे तर किंमत ठरवलेली ठेवा.

१,००० स्टुलांना ४,००० फळ्या लागायला हव्या होत्या, लागल्या ४,२००. फळी ४५ ऐवजी ४२ ला मिळाली. किंमतीची तफावत ३ गुणिले ४,२००, म्हणजे १२,६०० अनुकूल. वापराची तफावत २०० गुणिले ४५, म्हणजे ९,००० प्रतिकूल. एकूण ३,६०० अनुकूल. ताळा: अपेक्षित १,८०,०००, प्रत्यक्ष १,७६,४००. जमलं.

गुण मात्र पुढच्या वाक्याला मिळतात. खरेदीवाल्याने स्वस्त, गाठींचं लाकूड घेतलं असेल आणि त्यामुळे कटाईत फळ्या वाया गेल्या असतील. खरेदीची पाठ थोपटायची आणि कटाईला जाब विचारायचा, तर अन्याय होईल. कारण लिहिताना दोन तफावती एकमेकींशी जोडून बघा. नुसतं ‘प्रतिकूल म्हणजे वाईट’ लिहिणाऱ्याला निम्मेच गुण मिळतात. चिन्हांच्या भानगडीत पडू नका. खर्च अपेक्षेपेक्षा वाढला की प्रतिकूल, मग वजाबाकी कुठल्याही दिशेने केलेली असो.

आठवडा कसा लावायचा

व्हिडिओ आधी बघायचा नाही. प्रकरणाचं पहिलं सोडवलेलं उदाहरण घ्या, उत्तर झाका आणि स्वतः सोडवायला बसा. अडेल, अडू द्या. कुठे अडलं तिथे खूण करा. मग व्हिडिओ लावा आणि तीच जागा शोधा. दीडपट वेगाने व्हिडिओ पळवायचे असतील तर व्याख्यांचे पळवा, उदाहरणांचे नाही. उदाहरणात शिकवणारा आकडा निवडतो तिथे व्हिडिओ थांबवून आधी स्वतः निवडा.

दोन दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा. इथे वेळ वाया जातोय असं वाटतं, पण पहिल्यांदा बघून सोडवलेलं आणि दुसऱ्यांदा न बघता सोडवलेलं यांत आकाश-पाताळाचा फरक आहे. चुका झालेल्या जागांची शेवटच्या पानांवर यादी करा, आणि चुकीचं कारण लिहा: आकडा चुकला, खण चुकला, की प्रश्न नीट वाचला नाही. महिनाभरात स्वतःची सवय समोर येते. बहुतेकांची तिसरी असते.

चॅटबॉटकडून गणित सोडवून घेणं कोर्सच्या नियमांत बसतं का ते बघा. नसेल तर विषय संपला. बसत असेल तर त्याच्याकडून उत्तर मागण्यापेक्षा ‘याच प्रकारचं नवं गणित दे’ असं मागा. खर्च कुठल्या खणात जातो हे ठरवताना तो आत्मविश्वासाने चुकतो, आणि ते पकडता यायला तुम्हाला आधी येत असावं लागतं.

शिक्षकांना प्रश्न विचारताना ‘प्रकरण सहा कळलं नाही’ असं लिहू नका. गणिताचा क्रमांक, तुमची मांडणी आणि जिथे अडलं ती ओळ पाठवा. उत्तर लवकर येतं आणि कामाचं येतं.

संगणक तपासतो तेव्हा

आपोआप तपासल्या जाणाऱ्या गृहपाठाचं एक वेगळंच तंत्र आहे. बरोबर पद्धतीचं उत्तर केवळ पैशांच्या फरकामुळे चुकीचं ठरू शकतं. मधल्या पायऱ्यांत आकडा जवळच्या अंकापर्यंत आणायचा की नाही, दशांश किती, वजा चिन्ह हवं की कंस, याच्या सूचना प्रत्येक प्रश्नाखाली लहान अक्षरात असतात. तिथे सांगितलं नसेल तर मधले आकडे पूर्ण ठेवा, शेवटचाच जवळच्या अंकापर्यंत आणा. एकदाच उत्तर देता येणार असेल तर आधी सगळं कागदावर, मग पडद्यावर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कॅमेरा, माइक आणि ब्राउझर तपासण्याची चाचणी असते, ती द्याच. हाताने लिहिलेली उत्तरं स्कॅन करून चढवायची असतील तर घड्याळ लावून एकदा सराव करा. पानं उलटसुलट लागतात आणि शेवटची दहा मिनिटं त्यातच जातात. टाइप करून उत्तर द्यायचं असेल तर कॉस्ट शीट आणि प्रोसेस खात्याचे कोरे तक्ते टाइप करण्याचा सराव आधीच झालेला असावा, कारण परीक्षेच्या खिडकीत तक्ते सहसा हवे तसे बसत नाहीत.

पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं फक्त वाचा आणि प्रत्येक गणितापुढे लिहा: पद्धत कुठली मागितली आहे, कुठले आकडे निरुपयोगी आहेत. मग ज्यात ताळा पाहता येतो ती गणितं आधी घ्या. शेवटचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळणार असतील तर कामाचा एकही आकडा मनात ठेवू नका. ‘४,२०० गुणिले ३’ असं लिहा, नुसतं १२,६०० लिहू नका. निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर ती उतरवून घ्या आणि कारखान्याच्या वहीला जोडा. मॅनेजमेंट अकाउंटिंगचा पुढचा कोर्स घेतलात तर हेच स्टूल, याच फळ्या आणि हाच ४०० चा आकडा पुन्हा भेटणार आहे, फक्त त्यात अंदाजपत्रकं आणि विभागांच्या कामगिरीचे अहवाल वाढलेले असतील.